वन्संचा तरवड

वन्सं,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होतात तोवर मी तुम्हाला कधी चार ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहायला बसले आहे, म्हणजे शहाणपणच म्हणायचं. बार्शीकडची चौथी पास सून केली म्हणून सासूबाई गावभर सांगत फिरायच्या, आणि तुम्ही मला म्हणायचात, "चौथी शिकलीस, मग पिठलं आसं पाणचट कसं व्हतं गं?" त्या चौथीचा आज पहिल्यांदा काही उपयोग होतोय असं समजा.

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. येणारी-जाणारी माणसं थांबली. तुमचे भाऊ सकाळी रानात जातात, दुपारी येऊन ओसरीवर बसतात, आणि अधूनमधून "अक्का" म्हणून हाक मारायला तोंड उघडतात नि मिटतात. माझंही तसंच. भाकरी थापताना एक जास्तीची होते. ती उचलून बाजूला ठेवते आणि मग मलाच राग येतो.

पण खरं सांगू का? दुःख आहेच, पण त्याच्याही आधी मला सुटल्यासारखं वाटतं. तुम्ही आजारातून सुटलात, असं लोक म्हणतात; ते वेगळं. मी सुटले. तुम्ही गेल्या वर्षी गेला असतात, तर या घराच्या परसाकडं मला उरलेल्या आयुष्यात मान वर करून बघता आलं नसतं. हे मी कुणाला बोलून दाखवू शकत नाही. माणूस गेलेल्या घरात बाईनं असं बोलायचं नसतं. तुम्हाला मात्र सांगायला हवं, कारण हे तुमच्यामाझ्यातलं आहे.

मी या घरात आले तेव्हा तुम्ही माहेरी परत येऊन चार वर्षं झाली होती. तुमच्या मालकांना मी पाहिलंही नाही; पटकीच्या साथीत गेले एवढंच ठाऊक. तुम्ही अठ्ठावीस वर्षांच्या, मी पंधरा-सोळाची. म्हैस तुमची, बियाण्याची गाडगी तुमची, खुरपणीच्या बायकांवर जरबही तुमचीच. तुमच्याविना घरातलं पान हलत नव्हतं. फक्त कुंकवाच्या कामात तुम्ही नसायचात. हळद लागली की तुम्ही गोठ्यात, ओटी भरायची वेळ आली की तुम्ही विहिरीवर. कुणी जा म्हणत नसे. तुम्ही आपणहून जायचात, आणि ते इतकं सहज, की मला कितीतरी दिवस वाटायचं, वन्संना नेमकी त्याच वेळी कामं कशी निघतात.

आपल्या तामलवाडीत तरवड कुणी लावत नाही. बांधाला, माळावर, ओढ्याच्या कडेला तो आपला आपण असतो. पाऊस झाला तर पिवळा, नाही झाला तरी पिवळा. उन्हाळ्यात गडी पटक्याखाली त्याचा पाला घालतात, तेवढंच डोकं थंड राहतं. आणि आश्विनात देवीचे घट बसले की घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. पुढच्या दिवसांना कारळाची, झेंडूची, मिळेल त्याची माळ चालते. पण आपल्या घरात पहिली माळ तरवडाचीच, आणि तीही सवाष्णीनं ओवलेली, सवाष्णीनं बांधलेली. मी आल्यापासून सासूबाईंनी ते काम माझ्याकडं दिलं होतं.

मग ती लढाई लागली. लढाई कुठं साता समुद्रापलीकडं, पण चामड्याला मागणी आली, आणि चामडं कमवायला तरवडाची साल लागते. कुणी ठेकेदार आला, माळाचा ठेका घेतला, आणि आपल्याच गावच्या माणसांनी एका हिवाळ्यात सगळा माळ सोलून काढला. सोललेली झुडपं काही दिवस तशीच पांढरी उभी होती. त्या साली घटस्थापनेला तुमचे भाऊ सकाळपासून हिंडले, तेव्हा कुठं ओंजळभर फुलं मिळाली. माळ एवढी आखूड झाली की घटाला पुरता वेढा बसेना.

संध्याकाळी जेवताना तुम्ही म्हणालात, "आपुन परसात लावू तरवड."

सासूबाईंना घास लागला. "तरवड? परसात? आन् उद्या बाभळ लाव, परवा चिलार लाव. लोकं म्हन्तील, ह्यांच्या घरात माळ शिरला."

"शिरू द्या की. माळावर तर ऱ्हायला न्हाय."

पहिल्या खेपेला तुम्ही माळाच्या पार टोकाकडून चार रोपं टिकावानं खणून आणलीत. तरवडाचं मूळ सरळ खाली उतरतं. तुम्ही हातभर खणलंत, ते त्याच्याही खाली गेलेलं. निम्मी मुळं तिथंच तुटून राहिली. चारही रोपं आठवडाभरात वाळली. तुम्ही ती उपटून मुळं बघितलीत आणि म्हणालात, "उठवून लावायचा न्हाय ह्यो. बीच टाकाया पायजे." पण बी कुठलं? सोललेल्या झुडपांना शेंगा कुठून येणार? तेव्हा निजामाच्या सरहद्दीपलीकडं, सोलापूरच्या बाजूला, तुमच्या मावसबहिणीच्या गावी तरवड शाबूत आहे असं कळलं, आणि माघात तुम्ही निघालात.

परत येतानाचा नाक्यावरचा किस्सा तुम्ही इतक्या वेळा सांगितलात की मीच तिथं होते असं मला वाटतं. जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या जवानानं गाठोडं सोडायला लावलं. आत वाळलेल्या शेंगा. त्यानं एक कानाशी धरून वाजवली.

"क्या है ये?"

"तरवडाच्या शेंगा हायत, साहेब."

"तरवड? अरे बाई, तरवड भी कोई बाहर से लाता है क्या?" त्यानं आतल्या माणसाला हाक मारली. दोघांनी शेंगा हुंगल्या, फोडल्या, एकानं तर बी चावून पाहिलं आणि थुंकलं. दारू नाही, कापड नाही, अफू नाही. मग ह्यात लपवलंय तरी काय? शेवटी तो पहिला जवान म्हणाला, "जाने दे रे, बाई का दिमाग फिरा हुआ है."

याचा तुम्हाला केवढा राग! घरी येऊन घोटभर पाणी प्यायच्या आधी तुम्ही त्या जवानाच्या सात पिढ्या काढल्यात. आणि मग शेंगांच्या खालून, पदराच्या तुकड्यात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या काढून माझ्यापुढं ठेवल्यात. डझनभर, सोलापुरी, सोनेरी ठिपक्यांच्या. "घे. नाक्यावर ह्येच दडवलं व्हतं. येड्यांनी बी चावून बघितलं, बांगड्या बघितल्या न्हाईत." मी त्या तिथंच भरल्या. तुम्ही माझा हात उजेडाकडं धरून बराच वेळ बघितलात. मी तेव्हा वीस वर्षांची होते, वन्सं. स्वतःला न चालणारी वस्तू दुसरीसाठी निवडताना बाईच्या मनात काय येत असेल, हा विचार मला शिवलासुद्धा नाही.

आता माझ्या पराक्रमाचं सांगते. मृगाच्या आधी तुम्ही परसाच्या टोकाला, पडक्या भिंतीच्या मुरमाड जागेत बी टोकलंत. तिथं गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. उगवल्यावर तुम्ही सगळ्यांना बजावलंत, "ह्यास्नी पाणी घालायचं न्हाय. मिळंल त्या पावसावर वाढू द्या." पुढं पावसानं ओढ दिली. बोटभर रोपं, नाजूक पानं, उन्हात मिटून बसायची. माझं माहेर मळ्यातलं. मोटेचा आवाज ऐकत मोठी झाले मी. तहानलेलं रोप बघून मला भाकरी गोड लागेना. तेव्हा मी रोज तिन्हीसांजेला भांडी घासून झाल्यावर तांब्याभर पाणी गुपचूप तिकडं नेत होते. मला वाटायचं, रोपं जोमानं वाढली की मग सांगू, वन्सं खूश होतील.

रोपं आडवी झाली. एकेक करत सगळी. तुम्ही उकिडव्या बसून काडीनं माती उकरलीत. मूळ काळं पडलेलं, मऊ झालेलं.

"गोदे, हितली माती वली कशी?"

"दव पडलं असेल."

"आषाढात दव?"

तुम्ही माझ्या लुगड्याच्या काठाकडं बघितलंत. त्यावर रोजचा चिखल वाळलेला होता.

"माया करून मारलंस की गं त्यास्नी," तुम्ही म्हणालात, आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी उरलेलं बी एका गाडग्यात घालून ते माझ्याच हाती दिलंत. "आता तूच संबाळ. तुज्या हातात आसलं म्हंजे पाणी घालाया भेशील." त्या दोन दिवसांत तुमचे भाऊ दोन्हीकडून बोलणी खात होते, ते अजून सांगतात.

दुसऱ्या वर्षी आपण दोघींनी मिळून लावलं. बियाचं कवच टणक, म्हणून पाट्यावर हलक्या हातानं घासलं, रात्रभर कोमट पाण्यात ठेवलं, फुगलं तेवढंच घेतलं. मी तांब्याला शिवले नाही. पावसाळ्यात तरवड गुडघाभर झाला, उन्हाळ्यात पानं गाळून काटक्या झाला, मी म्हटलं गेला. तुम्ही म्हणालात, थांब. वळवाच्या चार सरी झाल्या आणि खालपासून फुटला. पुढच्या भादव्यात त्याला पहिला घोस आला. मग आणखी. आश्विन लागला तेव्हा परसाचं ते टोक इतकं पिवळं झालं होतं की शेजारच्या बायका भिंतीवरून डोकावून बघायच्या, आणि सासूबाई, ज्यांनी बाभळ-चिलार काढलं होतं, त्याच सगळ्यांना सांगायच्या, "आमी लावलाय."

त्या घटस्थापनेचं आता लिहायचं आहे. इथवर लिहायला बरं वाटत होतं.

माझी दोन मुलं राहिली नव्हती. एक जन्मतःच गेलं, एक महिन्याचं होऊन. तिसऱ्या खेपेचा तो सहावा महिना होता. मी भिऊन भिऊन जगत होते. मांजर आडवं गेलं तरी परत फिरायची. त्या सकाळी मी न्हाऊन आले, तर देवासमोर पत्रावळीवर माळ ओवून तयार. तुम्ही शेजारी बसून शेवटची गाठ मारत होतात. तुम्ही खुशीत होतात. तोंडातल्या तोंडात काही म्हणतही होतात. बी तुम्ही आणलं, झाड तुम्ही जगवलं, फुलं तुम्ही खुडली. त्या भरात सुई-दोरा कधी हातात आला ते तुमचं तुम्हालाही कळलं नसणार.

सासूबाई दारात होत्या. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं.

आणि मी बसले, तुमच्या हातातून माळ घेतली, गाठ सोडवायला लागले. ती सुटेना, तेव्हा दातानं तोडली. एकेक फूल दोऱ्यातून काढलं. मग तीच फुलं त्याच दोऱ्यात परत ओवली. तुमच्यासमोर, वन्सं. फुलं तीच, दोरा तोच, फक्त हात माझे. काही पाकळ्या गळून खाली पडल्या होत्या. त्या तुम्ही बोटानं वेचून पदरात घेतल्यात.

"व्हय गं," तुम्ही म्हणालात. "ध्यानातच आलं न्हाय माज्या. म्या रानात जाते. खुरपण ऱ्हायलंय."

पुढं आपली शकू झाली आणि ती जगली. ती जगली म्हणून माझी भीती कमी व्हायला हवी होती. उलट ती घट्ट झाली. त्या दिवशी मी माळ तोडली म्हणूनच पोर वाचली, असं मी मनात धरून बसले. असं काही मनात धरून बसलं की दुसऱ्याचं मन दिसत नाही. त्यानंतर दरवर्षी पहिल्या दिवशी पहाटे तुम्ही फुलं खुडायचात, सूप भरून उंबऱ्याशी ठेवायचात, आणि पदर खोचून रानात निघायचात. एक शब्द नाही. बाकी आपण कशावरून भांडलो नाही? मिठावरून, म्हशीच्या पेंडीवरून, तरवड छाटण्यावरून तर दरसाल. फुलं संपली की तुम्ही त्याला निम्म्यावर तोडायचात, मी आरडाओरडा करायची, आणि पावसाळ्यात तो दुपटीनं फुटला की तुम्ही माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवायचात. एवढं सगळं भांडण, आणि ज्यावरून भांडायला हवं होतं त्यावर चकार शब्द नाही. तुम्ही एकदा जरी मला फाडफाड बोलला असतात, तरी मी लवकर सुटले असते.

शकू दोन वर्षांची असताना सासूबाई गेल्या. आता घरात अडवणारं कुणी नव्हतं. कुणावर ढकलायची सोय उरली नाही. त्यानंतरच्या दोन नवरात्रांत तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवणारी मीच होते, आणि हे मला कळत होतं. दर वर्षी म्हणायची, पुढल्या साली बघू.

पुढलं साल आलं ते असं आलं. रझाकारांच्या भीतीनं गाव रिकामं व्हायला लागलं, तेव्हा आपणही रातोरात नव्हे, चांगल्या उजेडी, दोन गाठोडी घेऊन, रानातून सरहद्द ओलांडली. सोलापुरात मावसबहिणीच्या दिराच्या खोलीत आपण त्यांच्यासकट आठ माणसं महिनोन्महिने राहिलो. गावाकडून कुणी आलं की सगळे विचारायचे, कुणाचं घर जळलं, कुणाचं माणूस गेलं. तुम्ही विचारायचात, "आमच्या परसात तरवड हाय का वो?" मला शरम वाटायची. एकदा मी तडकले. "लोकांची घरं गेली, वन्सं, आणि तुम्ही तरवडाचं विचारता?"

"घर बांदता येतं, गोदे," तुम्ही म्हणालात. "ह्यो घाई करून येत न्हाय."

हिवतापानं तुम्हाला धरलं ते तिथंच. एक दिवसाआड हुडहुडी भरायची आणि ती उतरली की तुम्ही भांडी घासायला बसायचात.

गणपतीत सोलापूरकडून फौजा आल्या, आपल्याच रस्त्यानं पुढं गेल्या, आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आश्विन लागायच्या तोंडावर आपण घरी आलो. दारं नव्हती. भांडी नव्हती. म्हैस नव्हती. बियाण्याची गाडगी फोडून टाकलेली. तुमचे भाऊ ओसरीवर डोकं धरून बसले. तुम्ही सरळ आतून मागं गेलात. मी तुमच्या पाठोपाठ आले. कितीतरी महिने ना कुणी पाणी घातलं होतं, ना कुणी छाटलं होतं. गावची मोकाट गुरं सगळं परस खाऊन गेली होती. तरवडाला कुणी तोंड लावलं नव्हतं. तो वेडावाकडा वाढून पडक्या भिंतीवर रेलला होता, आणि सगळा फुलला होता. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत राहिलात. "लई माजलास रं," एवढंच म्हणालात आणि हसलात. सोलापुरात इतके दिवस मी तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं.

घटस्थापनेच्या सकाळी तुम्ही नेहमीसारखी फुलं खुडलीत. सूप नव्हतं, म्हणून फाटक्या टोपलीत पान घालून त्यात ठेवलीत. टोपली उंबऱ्याशी ठेवली, पदर खोचला, आणि निघालात. मी दारातून बघत होते. अंगात ताप होता तुमच्या, पावलं जड पडत होती.

आणि मला एकदम लख्ख दिसलं, वन्सं. रानात काहीच नव्हतं. त्या साली पेरलंच नव्हतं. खुरपायला पीक नाही, राखायला गुरं नाहीत, गवत आणायला म्हैस नाही. तुम्ही कुठं चालला होतात? तुम्ही कुठंच चालला नव्हतात. मला माळ ओवताना अवघड वाटू नये, म्हणून तुम्ही घरातून बाहेर पडत होतात. इतकी वर्षं, दरवर्षी, त्याचसाठी.

मी मागून हाक मारली. "वन्सं, कुठं निघालात?"

"रानात."

"रानात काय आहे?"

तुम्ही थांबलात. खोचलेला पदर सोडलात नि परत खोचलात.

"इकडं या. माळ ओवा."

"म्या?"

"मग कुणी? झाडं कुणी लावली?"

तुम्ही जवळ आलात, पण उंबऱ्याच्या बाहेरच. हळूच म्हणालात, "आन् पोरीला काय झालं मंग?"

मला वाटलं होतं तुम्ही चिडाल, रडाल, नको म्हणाल. तुम्हालाही शकूचीच भीती होती. माझी भीती आणि तुमची भीती एकच होती, आणि आपण दोघी ती दोन दारांनी वाहत होतो. आज सांगते: भीती गेली नव्हती. पण मी शकूला उचलून आणलं, तुमच्या मांडीशी बसवलं, सुईत दोरा ओवून तुमच्या हातात दिला, आणि म्हटलं, "तिला काय व्हायचं ते तुमच्या जवळ बसूनच होऊ दे."

तुम्ही ओवायला बसलात. केवढा वेळ लावलात! घट मांडून झाला, दिवा लागला, तुमचे भाऊ तीनदा डोकावून गेले. शेवटी ते म्हणाले, "अक्का, देवी दसऱ्याला उठती, तवर व्हईल का?" तुम्ही त्यांच्याकडं न बघता म्हणालात, "गप ए." मग उभ्या राहिलात आणि माळ बांधलीत. बांधून झाल्यावर दोन्ही हात तसेच वर राहिले; ते खाली कसे घ्यायचे हे तुम्ही विसरलात की काय, असं वाटलं. मी तुमच्या पाया पडले. सणाला पडतात तशी नव्हे. तुम्हाला ते कळलं होतं का, कोण जाणे.

नऊ दिवस नऊ माळा, सगळ्या तुमच्याच हातच्या, सगळ्या तरवडाच्या. दुसरी फुलं होती कुठं? शेजारच्या दोघीतिघींनी नाकं मुरडली. मुरडू देत. शकूला साधी शिंकसुद्धा आली नाही. मी रोज दहादा तिच्या कपाळाला हात लावून बघायची, आणि एकदा बघितलं, तर तुम्हीही हळूच तेच करत होतात.

पौषात ताप उतरेना, तेव्हा आपल्याला दोघींना कळलं. एका दुपारी तुमच्या पायाला तेल लावताना मी विषय काढला. त्या सालची माळ, वन्सं. मी तोडली ती.

तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "बरं केलंस तवा."

"काय बरं केलं?"

"तुजी दोन गेली व्हती. माज्या माळंनं तिसऱ्याला पडसं जरी झालं आस्तं, तर म्या विहीर जवळ केली आस्ती. तू तोडलीस, म्या वाचले."

मी तेल लावत राहिले. त्या क्षणी छातीवरचा दगड उतरला, खोटं कशाला बोलू. रात्री मी कितीतरी वर्षांनी गाढ झोपले. पण तुम्हाला जाऊन आता तीन आठवडे होत आले, आणि जसजसा विचार करते तसतशी मी तुमच्याशी भांडायला लागते. नाही, वन्सं, हे मला मान्य नाही. मी बरं केलं नव्हतं. तुम्ही मला इतक्या स्वस्तात सोडायला नको होतं. तुमची ती भीती खरी होती, पण ती तुमच्यात घातली कुणी? आम्हीच ना? तुम्ही असतात तर "चौथी शिकलेल्या बायका लई बोलतेत" म्हणून मला गप्प केलं असतंत, मी तरी बोलले असते, आणि मग आपलं पिठल्यावर आलं असतं. हे भांडण अर्धंच राहिलं. राहू दे. तुमच्याशी भांडायला अजून काही शिल्लक आहे याचंही मला बरंच वाटतं.

छाटणी मी केली. निम्म्यावर, तुम्ही करायचात तशी. कोयता जड गेला. शेंगा भरपूर आल्यात. गाडगंभर बी काढून ठेवलं. वेशीपलीकडच्या दोन घरी दिलं, माळावर टाकायला तुमच्या भावांकडं मूठभर दिलं. ठेकेदार आता फिरकत नाही. माळ हळूहळू भरेल.

आज लिहायला बसायच्या आधीची गोष्ट सांगते आणि थांबते. परसात शकू आणि शेजारची मंजू घट मांडून खेळत होत्या. फुटक्या मडक्यात माती, वर तरवडाच्या छाटलेल्या डहाळीवरची चार सुकी फुलं. आधी ठरेना कुणी कोण व्हायचं. शकू म्हणाली, "म्या आत्या व्हते. माळ म्या घालनार."

मंजू तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, घरात ऐकून ऐकून शहाणी झालेली. ती म्हणाली, "आत्या नगं. आत्याला कुकू नसतं. आत्याच्या हातची माळ देवीला चालत न्हाय."

शकूनं तिच्याकडं असं बघितलं, जणू हिला एवढंही ठाऊक नाही. सहावं लागलंय तिला, वन्सं. गेल्या नवरात्राच्या आधीची नवरात्रं तिला आठवत नाहीत.

"तुमच्यात चालत नसंल," ती म्हणाली. "आमच्यात पयल्यापासून आत्याच लागती."

मी दारात उभी होते. तिची चूक दुरुस्त करायला मी काही पुढं गेले नाही.

तुमची,
गोदा